जामसंड्याच्या विजेचा मानकरी

३ मार्च
जामसंडे वीज उपकेंद्राचे प्रमुखपद आज मी ग्रहण केले. तुतारी कोणी फुंकली नाही. कोकिळेने मात्र वेळ साधली. जेवणाचा डबा आणणाऱ्या राधाबाईंना मी वीजपुराणाचा प्रथमाध्याय ऐकवला. दूरच्या अणुकेंद्रात युरेनियमचा अणू भंगतो, त्या तापाने पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, टर्बाइन जनित्रास. मग वीज चार लक्ष व्होल्टांच्या उच्चासनावर आरूढ होऊन डोंगर ओलांडते, इतर केंद्रांच्या विजेत मिसळते, उपकेंद्रागणिक पायऱ्या उतरते आणि अंती माझ्या हस्ते त्यांच्या मिक्सरात खोबऱ्याचे वाटण करते. बाईंनी शांतपणे ऐकले. म्हणाल्या, ता खरा, पण जितेंद्र आसताना लायट कधी जायची नाय.

५ मार्च
जितेंद्र हा माझा पूर्वाधिकारी. गेल्या श्रावणात फीडर, म्हणजे गावाकडे जाणारी वीजवाहिनी, दुरुस्त करताना निवर्तला. पदमुक्त मात्र झाला नाही. आवारातील आंब्याखाली पाषाण आहे, त्यावर त्याचे पिवळे हेल्मेट. तो आता इथला राखणदार. लाइन बंद असल्याचा परवाना लाइनमन सत्यवान माझ्याकडून घेतो खरा. पण खांबावर चढण्याची अनुज्ञा घेतो ती तिथे, विडी ठेवून आणि रक्षणाचे गाऱ्हाणे घालून. मागे उभे कामगार ‘होय म्हाराजा’ म्हणतात. अणू भंगतो कुठे, राबतो कोण, आणि श्रेय विडीबाज दगडाला! मृताचा मत्सर शास्त्रसंमत नसावा. मी केला.

९ मार्च
हेल्मेट उचलले. मस्तकी असे बसले, जणू माझ्याच मापाने घडवलेले. सत्यवान पांढरा पडला. म्हणाला, सायबानू, राखणदाराची जागा मोकळी रवणा नाय, कोण ना कोण ती भरताच. मी त्यास अंधश्रद्धेवर लघुव्याख्यान दिले.

११ मार्च
दुपारी वीज गेली. सत्यवान आंब्याकडे वळला, तोच मी हेल्मेट घालून स्वतः निघालो. जितेंद्राहून सत्वर वीज आणून दाखवणार होतो. परवाना देणारा मी, घेणाराही मी. लाइन खरेच बंद आहे का, हे तपासण्यात वेळ कोण दवडणार? फीडरला हात लावला. प्रचंड लखलखाट—
उठलो. वेदना लेशमात्र नाही. वीज आली. आवारात ही गर्दी! राधाबाई हमसून रडत होत्या. आनंदाश्रू असावेत.

१३ मार्च
राधाबाईंनी डबा पाषाणापाशी ठेवला. हाक मारली, वळल्या नाहीत. सत्यवानाने विडी ठेवली, हात जोडले आणि नाव घेतले ते माझे! बा देवस्थळीसायबा, म्हाराजा, लेकरांका सांभाळ. होय म्हाराजा! जितेंद्राचा उल्लेखही नाही. केवढे हे सुख—
हेल्मेट निघत नाही.

१७ मार्च
फाटकाबाहेर पाय पडत नाही. भूक नाही. विडीचा धूर पुरतो.
मी विडी ओढत नसे—

२० मार्च
नवा साहेब. सुशांत. माझ्या खुर्चीत. अणू, वाफ, टर्बाइन— तोच अध्याय. राधाबाई म्हणाल्या, देवस्थळीसायब आसताना लायट कधी जायची नाय.
त्याचा चेहरा— ती जळफळ मी ओळखतो.

२१ मार्च
येतोय. आंब्याखाली. हात माझ्या मस्तकीच्या हेल्मेटाकडे—
उचल, बाबा. मी सुटेन. जितेंद्र सुटला तसा—
पण मग गाऱ्हाण्यात नाव त्याचे. माझे कोणी—
नाही. हा मान माझा. हात काढ. सोड. सो—