शौर्य टेकडी

२६ जुलै २०२५
आज परत टेकडीवर उभं केलं मला. पांढऱ्या साडीत! मंडळाचे चंद्रप्रकाशभाऊ तसं सांगूनच गेले होते. गावची माती, चारकोपच्या एकेका सोसायटीतली मूठमूठ, बाकी डंपरचा भराव — आणि वर पाटी, ‘वीर जवान विशाल परब शौर्य टेकडी’. आत विशाल नाहीच. तो दहा वर्षं बर्फाखाली आहे. हिमकडा कोसळला, बाकीचे सहा सापडले, माझा नवरा नाही.
सासूबाई आजही आल्या नाहीत. “त्या ढिगात माझो झील नाय. मी कित्याक येव?”

२९ जुलै
लॅबमध्ये माझ्याबरोबर काम करणाऱ्या सिद्धेशने पुन्हा विचारलं. “लग्न रजिस्टर करूया ना, नीलम. अजून किती थांबायचं?” मी रक्ताच्या नळ्यांना लेबलं लावत राहिले. हो म्हणायचं होतं!

२ ऑगस्ट
कुणीतरी आम्हाला चहा पिताना पाहिलं. संध्याकाळी चंद्रप्रकाशभाऊ दारात. “वहिनी, तुम्ही आता नुसत्या विशालच्या नाही, अख्ख्या चारकोपच्या आहात. लोक काय म्हणतील?” मी मान खाली घातली. का घातली?

७ ऑगस्ट
पावसाने टेकडीची एक बाजू घसरली. रस्त्यावर चिखलच चिखल. पालिकेची माणसं तो फावड्याने गटारात लोटत होती. बघवलं नाही.

१० ऑगस्ट
भाजी निवडताना सासूबाई एकदम म्हणाल्या, “तो सिद्धेश माणूस कसो?”
कुणी सांगितलं यांना! “चांगला आहे, आई.”
“मगे कर लगीन. विशाल इलो तर मी सांगीन त्याका.”
मोरीत जाऊन रडले. नळ सोडून.

१४ ऑगस्ट
बांद्र्याला जाऊन लग्नाची नोटीस दिली. फॉर्मवर ‘विधवा’ लिहिताना हात थांबला. सिद्धेश पेनाचं टोपण धरून उभा राहिला.

१५ ऑगस्ट
टेकडीवर गेले नाही. स्पीकरवर माझं नाव तीनदा पुकारलं. खिडकी लावून घेतली.

२२ ऑगस्ट
सकाळी विशालच्या युनिटमधून फोन. बर्फ वितळला, विशाल सापडला. चेहरा ओळखू येतोय म्हणे. मी चाळिशीला टेकले — तो अजून एकोणतीसचाच!
सिद्धेशला कळवलेलं नाही.
सासूबाईंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “कधी येतलो?”