शेडमधले रविवार

हिमायतनगर,
७ जुलै २०२४

तीर्थरूप बाबांना,
तन्वीचा नमस्कार.

पाकीट बघून तुम्ही म्हणाल, तारनाक्याहून हिमायतनगरला रिक्षाने पोचता येतं, मग पत्राची ही नसती उठाठेव कशाला? सांगते. फोन केला की दोन वाक्यांत तुम्ही 'घे, आईशी बोल' म्हणता. घरी आले की तुम्हाला नेमकं काहीतरी दुरुस्त करायचं असतं. पत्र आईच्या हातात देऊन मोकळं होता येणार नाही, कारण तिचा चष्मा मोडलाय, हे तिनेच मला सांगितलंय. शिवाय जामबागेच्या शाळेत मला हट्टाने मराठीत शिकवलंत, त्याचा थोडा ताप तुम्हालाही व्हायला हवा.

मी बरी आहे. फ्लॅटमध्ये ऊन कमी येतं, पण पाणी दोन्ही वेळा येतं. ऑफिसात नवीन प्रोजेक्ट सुरू झालाय. आईने पाठवलेलं आवकायचं लोणचं पोचलं. या वर्षी तिखट इतकं आहे की ती कुणावर तरी चिडून कालवत होती असं वाटतं. तिच्या गुडघ्यांकडे लक्ष द्या. डॉक्टरांकडे न्यायचं काम रविवारीच होऊ शकतं असं काही नाही, पण रविवारी तुम्ही घरी नसता म्हणून ते होतच नाही.

घरमालकीण कुसुमताई खालीच राहतात. इथल्याच, निजामाच्या काळापासूनच्या. दर दोन दिवसांनी विचारतात, मिस्टर कधी येणार? परवा कंटाळून सांगितलं, की ते गाडी बांधतायत. मग समजावून सांगावं लागलं. साठ वर्षांपूर्वीच्या इंग्रजी स्पोर्ट्स कारची हुबेहूब नक्कल, सुटे भाग खोक्यांतून येतात, लोखंडी सांगाडा, वर फायबरची बॉडी, इंजिन कुठल्यातरी मोडीत काढलेल्या गाडीचं, आणि हे सगळं आपल्या हाताने जोडायचं. माझा नवरा रितेश आणि माझे वडील मिळून घटकेसरला त्याच्या घरामागच्या शेडमध्ये जोडतायत. कुसुमताईंनी विचारलं, रस्त्यावर चालते का? म्हटलं, नाही, असल्या गाडीला नंबर मिळत नाही, आवारातच फिरवायची. त्या म्हणाल्या, "अगं मग कैकू करतायत?" म्हटलं, कशासाठी ते त्यांनाच विचारा.

आवकायच्या बरणीबरोबर तुमचा निरोपही पोचला. गाडी रंगाला जायचीय, रितेशला लाल हवाय, पूर्वी मी गडद हिरवा म्हटलं होतं तर अजून तेच मत आहे का, असं तुम्ही विचारलंय. बाबा, मी रितेशचं घर सोडलं त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. घटस्फोटाचा अर्ज कोर्टात आहे. त्याच्या गाडीचा रंग मी कसा सांगू?

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, लिहायचं ते हे, की तुम्ही रविवारी तिकडे जाणं बंद करा. मागे एकदा म्हटलं तेव्हा तुम्ही म्हणालात, 'तुमचं भांडण तुमच्या जागी, गाडीचं काम वेगळं.' मला ते वेगळं करता येत नाही. तुम्हाला हाताखाली मुलगा हवा होता, हे मला ठाऊक आहे. तुमची स्कूटर उघडून पडलेली असायची तेव्हा टॉर्च मी धरायचे, आणि तुम्ही म्हणायचात, हलवू नको. मी कधी हलवला नाही. पण पाना तुम्ही माझ्या हातात दिला नाहीत, तो जावयाच्या हातात दिलात. त्याचं मला वाईट वाटलं होतं, पण इतकंही नाही. घर सोडलं त्याला कारण दुसरं होतं. तुम्हाला मी 'पटत नाही' एवढंच सांगितलं, आणि तुम्हीही पुढे काही विचारलं नाहीत.

तर एवढं करा. आईला नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला जाते, कारण आज रविवार आहे आणि तुम्ही घरी नाही.

तुमची
तन्वी


हिमायतनगर,
१५ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप बाबांना,
नमस्कार.

पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. आईकडून कळलं की गाडीला लाल रंग दिला. छान.

परवा कोर्टात काय झालं ते आईने विचारलं, तिला मी 'नेहमीचंच' असं सांगितलं. तुम्हाला नीट सांगते, कारण ते तुमच्याबद्दल होतं.

रितेशच्या वकिलांनी न्यायाधीशांपुढे एक फोटो ठेवला. लाल गाडी, बॉनेटवर तुमचा डावा हात, उजवा हात रितेशच्या खांद्यावर. तुम्ही दात दिसतील असे हसताय. माझ्या लग्नाच्या सगळ्या अल्बममध्ये तुमचा असा एक फोटो नाही. वकील म्हणाले, "मुलीला मारहाण झाली असती, तर तिचा बाप दर रविवारी जावयाच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला असता का?" न्यायाधीशबाईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या वकील अलकाताई काहीतरी बोलल्या, पण मी त्या फोटोकडेच बघत होते.

मारहाण हा शब्द तुम्ही या पत्रात पहिल्यांदा वाचताय, असं मी धरून चालते. तसं धरलं तर मला पुढचं लिहिता येईल.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, शनिवारी दुपारी मी शेडमध्ये त्याचा डबा घेऊन गेले. बॉनेट उलटं करून लाकडी घोड्यांवर ठेवलेलं होतं, मोठ्या परातीसारखं. डबा ठेवायला जागा नव्हती म्हणून मी बोल्टांचे ट्रे बाजूला सारले आणि दोन ट्रेंमधले बोल्ट एकमेकांत मिसळले. एवढंच. त्याने माझा दंड धरला आणि मला भिरकावलं. माझं कोपर सगळ्या वजनानिशी त्या बॉनेटमध्ये आदळलं. मी खाली बसले होते, आणि तो माझ्या शेजारीच खाली वाकला. मला वाटलं, मला उठवायला वाकला. तो बॉनेटच्या खालून त्याचा दर्शनी भाग बघत होता. पहिली वेळ नव्हती, शेवटचीही नव्हती. बाकीच्या वेळा मी लिहीत नाही, अलकाताईंच्या अर्जात त्या आहेत.

दुसऱ्या दिवशी रविवार. तुम्ही आलात. माझा हात प्लास्टरमध्ये होता, आणि बाथरूममध्ये घसरले असं मी तुम्हाला सांगितलं. मी डाव्या हाताने चहा आणला तेव्हा बॉनेट सुलटं होतं, आणि त्यावर केसाएवढ्या बारीक रेषा चारी बाजूंना फुटलेल्या होत्या. तुम्ही त्या बोटाने चाचपल्या. रितेश म्हणाला, ट्रकमधून उतरवताना झालं असेल. तुम्ही म्हणालात, "हा वरून नाही लागलेला. आतून बसलेला मार आहे."

बाबा, रेल्वेच्या कारखान्यात तुमचा जन्म गेला. किट आलं त्या दिवशी तुम्ही एकेक भाग नाण्याने वाजवून बघितला होता, आणि एका दारात पोकळ आवाज आला म्हणून ते परत पाठवायला लावलं होतं. बॉनेट तडकलेलं आलं असतं तर ते तुमच्या नजरेतून सुटलं असतं का? तुम्ही त्या रेषांकडे बघितलंत, मग माझ्या प्लास्टरकडे बघितलंत. बराच वेळ बघितलंत. मग चहा बाजूला ठेवून रितेशकडे पॉलिश पेपर मागितलात. त्यानंतरचे कितीतरी रविवार तुम्ही ती जागा खरवडली, फायबरचे थर दिले, पुट्टी भरली, घासली. इतकी सुरेख केलीत की फोटोत तिच्यावर तुमच्या हाताचं प्रतिबिंब पडलंय.

दीड वर्ष मी स्वतःची समजूत घालत आले, की तुमच्या लक्षात आलं नसेल. परवा तो फोटो बघताना ती समजूत टिकली नाही.

तीन ऑक्टोबरला पुढची तारीख आहे. तुम्ही या. माझी बाजू घेऊ नका, रितेशला वाईट म्हणू नका, फक्त त्या रविवारी काय बघितलंत ते सांगा. फायबरला आतून मार बसला की काय होतं, ते तुमच्याइतकं नीट त्या खोलीत कुणीच सांगू शकणार नाही. मी आजवर तुमच्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. हे मागते.

तन्वी


हिमायतनगर,
६ ऑक्टोबर २०२४

बाबा,

आई म्हणाली, तुम्ही परवापासून जेवायला नीट बसत नाही आणि काही विचारलं तर चिडता. म्हणून लिहिते. नाहीतर लिहिणार नव्हते.

तारखेच्या आधीच्या शनिवारी तुम्ही आलात तेव्हा मला फार आनंद झाला होता, हे आधी सांगते. दार उघडलं आणि तुम्ही पिशवी घेऊन उभे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, पत्र वाचलं आणि उठून आले. मी पोहे टाकले. तुम्ही म्हणालात, नळ गळतोय, आणि पिशवीतून पाना काढलात. म्हणजे नळ गळतोय हे आईकडून कळलं होतं आणि तुम्ही तयारीने आला होतात. पोहे गार झाले. वॉशर बदलून झाला, नळ पुन्हा पुन्हा उघडून बंद करून बघून झाला. शनिवारीच का आलात ते माझ्या ध्यानात तेव्हा आलं नाही.

मग मीच विचारलं. आयुष्यात तुम्हाला इतकं सरळ मी कधी काही विचारलं नव्हतं. "बाबा, तुम्हाला तेव्हा कळलं होतं ना?"

तुम्ही नळाकडेच बघत होतात. म्हणालात, "विचारलं असतं तर काम तिथेच थांबलं असतं, तन्वे."

मी आठवड्याभरात हे वाक्य सगळ्या बाजूंनी वाजवून बघितलं. तुम्ही पुढे बोललात तेही आठवते. आयुष्यभर दुसऱ्यांचे डबे दुरुस्त केले, स्वतःच्या हाताने एक गाडी पुरी करायची होती, असा योग पुन्हा येणार नव्हता, तू शिकलेली आहेस, तुझं तू बघशील असं वाटलं. हे सगळं खरं असेल. मी चिडलेसुद्धा नाही, कारण तुम्ही पहिल्यांदाच माझ्याशी खरं बोलत होतात. मी विचारलं, मग तीन तारखेला याल ना? तुम्ही म्हणालात, येईन, नक्की येईन, पण दसऱ्याला गाडीची पूजा आहे, वायरिंगचं थोडं राहिलंय, मी आत्ताच साक्ष दिली तर रितेश शेडमध्ये पाऊल टाकू देणार नाही. "तुझ्या वकीलबाईंना सांग, पुढची तारीख घ्यायला."

'घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं' असं आई या गाडीबद्दल पहिल्या दिवसापासून म्हणत आली. आपण दोघं तिला हसायचो. मीसुद्धा हसायचे, याचा आता मला राग येतो.

मी तारीख पुढे घेतली नाही. गुरुवारी एकटी गेले. सगळं बोलले, अर्जात आहे ते आणि नाही तेही. रितेश समोर बसून मोबाइल बघत होता. मग न्यायाधीशबाईंनी विचारलं, हे त्या वेळी आणखी कुणाला माहीत होतं का? अलकाताईंनी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, वडिलांबद्दल खात्री नसेल तर नाव घेऊ नकोस. 'नाही' म्हणणं सोपं होतं. आपल्या घरात तेच चालत आलंय, तेरी भी चूप, मेरी भी चूप. तुम्ही माझं प्लास्टर बघून गप्प बसलात, मी तुमचं गप्प बसणं बघून गप्प बसले, आई आपल्या दोघांना बघून. अलकाताईंना वाटलं असणार, मी नाहीच म्हणणार.

मी म्हटलं, "माझ्या वडिलांना माहीत होतं."

रितेशने पहिल्यांदा मान वर केली.

आता तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावणार आहेत. समन्स तारनाक्याच्या पत्त्यावर येईल, ते आईला घ्यायला लावू नका. तारीख नोव्हेंबरमधली मिळाली आहे, तेव्हा तुमची पूजा चुकणार नाही. तिथे शपथ घेऊन तुम्ही काय सांगायचं ते मी सांगणार नाही. तुम्ही खरं सांगितलंत तर फोटोतल्या तुमच्या हाताखाली काय होतं ते सगळ्यांना दिसेल. खोटं सांगितलंत तर मी खोटी पडेन, आणि ते तुमच्याकडून ऐकायला मी समोरच बसलेली असेन.

दसऱ्याला मी घरी येणार नाही. आईला इकडे घेऊन येईन, कुसुमताईंनी दोघींना जेवायला बोलावलंय. तुम्ही दिवसभर तिकडेच असाल, त्यामुळे अडचण होणार नाही. वायरिंग सांभाळून करा, इंजिन जुनं आहे.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत. तुमचा माझ्यावर लोभ आहे, बाबा, याबद्दल मला कधीच शंका नव्हती. तो असतानाच हे सगळं झालं.

तन्वी