आईच्या अंगावरच्या साड्या

रविवार, संध्याकाळ. पेडगाव

आज आईची राख सावडली. अस्थींना काळा गोळा चिकटला होता, दादानं खरवडून काढला. पाव्हण्यांनी आईवर पांघरलेल्या साड्या, एकही सुती नाही. जळायच्या सोडून वितळल्या.

दहाव्याला सगळ्यांसमोर सांगणार. साडी आणा, पांघरा, पण चितेवर ठेवताना काढून घ्यायची. अंगावर सुतीच राहील.

काका म्हणाले, "पाव्हण्याची साडी काढल्यावर लोक काय म्हणतेल?"

म्हणू द्या. तो गोळा काकांनी कुठं हातात घेतला? मी घेतला. एका कडेला हिरवा काठ शिल्लक होता. लगेच ओळखला. जिंतूरहून मीच आणलेली साडी, सगळ्यात भारी म्हणून.

दहाव्याला सुरुवात त्या काठापासूनच करणार.