एकशे तीनचा ताप

गुरुजी, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. आता तुम्ही रागावलात तरी मला ऐकू येणार नाही, या धीरावर लिहायला बसलेय. सोनारीच्या शाळेत तुम्ही मुख्याध्यापक आणि मी नवी बाई, नोकरी अजून कच्ची. तपासणीला साहेब येणार होते आणि त्यांच्या शेऱ्यावर माझं कायम होणं अवलंबून होतं. तुम्हाला मात्र एकच घोर होता. सोलापूरहून आणलेला थर्मामीटर साहेबांपुढं कसा मिरवायचा.

चैत्रातली सकाळची शाळा, तरी दहाच्या आतच पायरीवर अनवाणी पाय टेकवत नाही. साहेब काळा कोट घालून खुर्चीत घामाघूम. तुम्ही फळ्यापुढं उभे. "पोरांनो, उन्हानं दगड तापतो, पत्रा तापतो, मग माणूस का तापत न्हाय? माठ पाझरतो म्हणून पाणी गार ऱ्हातं. आपलं अंगबी तसंच पाझरतं. घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. थंडीत हुडहुडी भरती, ती ऊब करायला." तेवढ्यात घोंगडी पांघरलेले एक मेंढपाळ बाबा रस्त्यानं जाताना दिसले, त्यांना तुम्ही आत बोलावलंत. काचेची नळी विडीसारखी ओठांत धरून ते म्हणाले, "मास्तर, ही पेटंना की!" पोरं हसली, साहेबही हसले. पारा साडेअठ्ठ्याण्णवाच्या आसपास. "बघा! उन्हातनं आले, वर घोंगडी, तरी अंग जागच्या जागी. आता सावलीतलं माणूस घेऊ. बाई, या इकडं."

मी शेजारच्या खोलीत स्टोव्हवर साहेबांचा चहा करत होते. साखर बघायला म्हणून त्यांच्याच कपातून दोन कडकडीत घोट घेतले होते, ते अजून घशाखाली उतरत होते. नळी धुऊन तुम्ही माझ्या जिभेखाली ठेवलीत. पारा वाचलात, चष्मा पुसून पुन्हा वाचलात. एकशे तीन.

"काय गुरुजी, सावलीत सिद्धांत बिघडला वाटतं?" साहेब म्हणाले.

"सिद्धांत बरोबर हाय, साहेब. बाई आजारी हायत!"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. पण शिपायानं आणून दिलेला तोच कप साहेब ओठांना लावत होते. मी तोंड मिटलं. मग काय, मला बाकावर आडवं केलं, कपाळावर ओल्या पट्ट्या आल्या, बैलगाडी जुंपून मला परंड्याला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "ताप कुठाय? बाईंना भूक लागलीय." इकडं साहेब शेरा लिहून मोकळे झाले होते. माझ्या नावापुढं 'अंगात ताप असूनही कर्तव्यावर हजर', तुमच्या नावापुढं 'प्रयोग फसला'. मी कायम झाले.

पुढं आठवडाभर तुम्ही नळी तोंडात धरून फिरत होतात, कधी उन्हात, कधी झाडाखाली, एकदा तर विहिरीत गळाभर पाण्यात उभे राहून. पारा काही हलेना. शेवटी मला बोलावलंत.

"बाई, खरं सांगा. त्या दिवशी काही गरम प्याला होतात का?"

"न्हाय, गुरुजी."

एवढं बोलले आणि मला दरदरून घाम फुटला. तुमचा चेहरा उजळला. "हा बघा घाम! ताप मुरला होता अंगात, आता उतरतोय. म्हंजे मी चुकलो न्हवतो." लगेच पोराला पाठवून माझ्यासाठी लिंबाचं सरबत मागवलंत. मी ते गुमान प्याले.

हे पत्र तुमच्या मुलाला पाठवावं असं मनात होतं. पण तोही शास्त्रच शिकवतो म्हणतात, वर्गात मोठ्यानं वाचून दाखवील. तेव्हा कपाटातच राहू दे. त्या शेऱ्यापायी तुमचं काय अडलं, हे मी पुढं सहा वर्षं तुमच्या शेजारच्या वर्गात शिकवूनही एकदासुद्धा विचारलं नाही. तुम्ही खरं सांगाल, याची भीती वाटायची.