उसवलेली चार अक्षरं

आत्या, परवा निपाणीत तुझ्या शाळेच्या हॉलमध्ये एक वाकळ टांगली. तिच्या खालच्या काठावर तुझ्यासाठी शिवलेली एक ओळ आहे आणि ती मधेच तुटलेली आहे. 'आमच्या' आहे, 'बाई' आहे. मधली चार अक्षरं नाहीत, नुसती सुईची भोकं दिसतात. ती अक्षरं मी उसवली. तू जाऊन तेरा वर्षं झाली, त्यामुळे हे तुला सांगून काही व्हायचं नाही हे मला कळतं. पण तू असतीस तर सगळ्यात आधी तुलाच सांगावं लागलं असतं, आणि सांगितल्याशिवाय तू मला जेवू दिलं नसतंस.

नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही. फाटकाशी पोचलं की मला उलटी व्हायची. पप्पा रेल्वेत, महिन्यातून दोनदा घरी येणार. आईला मी पाहिलेलंच नाही. मग तूच मला शिकवलंस, स्वयंपाकघरातल्या पाटावर, शाळेतून आणलेल्या कापडाच्या चिंध्यांवर. आधी अक्षर खडूनं काढायचं, मग त्यावरून धावदोरा घालायचा. मला 'क' लिहिता यायच्या आधी शिवता आला. शुक्रवारी तू पाच वाजता घाईनं येतेस, पर्स खुंटीला अडकवतेस, नारळाच्या दुधातलं कालवण चुलीवरून उतरवतेस आणि ऊन भिंतीवरून जायच्या आत काचेच्या पेल्यात तेल घालून वात लावतेस. शेजारच्या जैन काकू दिवस मावळायच्या आत जेवायच्या. त्यांना वाटायचं, आपलंही त्यांच्यासारखंच काहीतरी आहे. "तुमचं लई कडक हाय बगा बाई," त्या कुंपणावरून म्हणायच्या, "आमी नुसतं जेवान आटपतो, तुमी दुसऱ्या दिवशी सुईलासुद्धा हात लावत न्हाय." तू हसायचीस. बेने इस्राएल म्हणजे काय, ज्यू म्हणजे काय, हे तू त्यांना दोनदा सांगितलंस आणि दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "असू दे की, देवाचंच हाय न्हवं?"

तुझा एक नियम मला त्याच पाटावर कळला. तू शिवणाच्या तासाचे मुलींचे नमुने तपासायला घरी आणले होतेस. त्यातलं एक काज वाकडं होतं. तुला मदत म्हणून मी ते उसवून ठेवलं. मला वाटलं, तू शाबासकी देशील. तू तो तुकडा हातात घेतलास, दोन्ही बाजूंनी पाहिलास आणि चप्पल घालायला सांगितलंस. त्या मुलीचं घर पार आंबेडकर नगरच्या मागे होतं. दारात उभं करून तू मला म्हणालीस, "सांग तिला काय केलंस ते." मी रडत सांगितलं. ती मुलगी बिचारी म्हणत होती, "असू दे बाई, वाकडंच हुतं." परत येताना तू एवढंच बोललीस, "उसवायचं असलं तर जिचं आहे तिच्यासमोर उसवायचं. तिच्या माघारी नाही." त्यानंतर मी कुणाच्या कामाला विचारल्याशिवाय हात लावला नाही. आता असं म्हणता येत नाही.

मुलींनी तुला ठेवलेल्या नावाचं मला दहाव्या वर्षी कळलं, शाळेच्या गॅदरिंगमध्ये. मुलींनी शिक्षकांच्या नकला केल्या. एक मुलगी काजळानं ओठावर चौकोनी मिशी काढून, हातात फूटपट्टी घेऊन आली आणि ओरडली, "टाके मोजा!" सगळा हॉल "हिटलर बाई, हिटलर बाई" करत टाळ्या वाजवू लागला. तू पहिल्या रांगेत बसली होतीस. तूही टाळ्या वाजवल्यास. मुख्याध्यापिका तुझ्या कानाशी काहीतरी बोलल्या, तू मान हलवलीस. घरी आल्यावर तू चहा ठेवलास आणि तो उतू जाऊन चूल विझेपर्यंत तुझं लक्ष नव्हतं. मी विचारलं, तेव्हा तू मला तो माणूस कोण होता ते सांगितलंस. आपल्या लोकांचं, म्हातारी, तान्ही पोरं, सगळ्यांचं त्यानं काय केलं ते. फार नाही, दहा वर्षांच्या मुलीला पेलेल एवढंच. मी म्हटलं, मग सांग ना त्यांना. तू फडक्यानं ओटा पुसत राहिलीस. "आपण तिकडचे नव्हे. इथं आपल्याला कुणी बोट लावलेलं नाही. या पोरींना ठाऊक नाही गं, त्या मायेनंच म्हणतात. सांगितलं तर उद्यापासून माझ्यापुढं हसायच्या बंद होतील." चौतीस वर्षं तू त्या नावाला ओ दिलीस.

आता मी बेळगावात एका संस्थेत काम करते, हिंडलग्यात भाड्यानं राहते. पुरानंतर ज्या बायकांना पाऊस वाजायला लागला की झोप येत नाही, दम लागतो, अशा बायकांसाठी दर रविवारी सदलग्याला जाते. डॉक्टरांनी त्यांना बोलतं करायला सांगितलं होतं, पण सतरंजीवर गोल बसवून "सांगा" म्हटल्यावर कोण सांगणार? पहिले दोन रविवार सगळ्या गप्प. तिसऱ्या रविवारी मी म्हटलं, वाकळ घालू या. पुरातनं जे कापड वाचलं ते आणा. मग गाठोडी सुटली. चिखलाचे डाग न गेलेलं लुगडं, नवऱ्याचा धोतराचा तुकडा, पहिल्या रात्री मशिदीत आसरा घेतला तेव्हा कुणीतरी दिलेली चादर. हात चालू लागले आणि मान खाली असली की माणूस बोलतं. एक कानडी म्हातारी होती, ती याला कौदी म्हणायची आणि सगळ्यांच्या टाक्यांना नावं ठेवायची. "ह्यो टाका हाय का बैलगाडीचा रस्ता?" असं म्हणून ती चष्मा वर करायची आणि पुरानंतर कधी न हसलेल्या बायका हसायच्या.

त्यांत एक आक्का होती. सगळ्याच तिला आक्का म्हणतात. तिची मुलगी वासराचं दावं सोडायला मागे फिरली आणि मातीची भिंत तिच्या अंगावर आली. नऊ वर्षांची होती. आक्का सहा रविवार एक शब्द बोलली नाही, नुसती शिवायची. सातव्या रविवारी तिनं माझा टाका पाहिला आणि विचारलं, "कुणी शिकिवलं तुला?" मी तुझं सांगितलं. तिचा चेहराच बदलला. "हिटलर बाई? निपाणीच्या? अगं, मी त्यांची पोरगी!" मग ती बोलतच सुटली. बाई फूटपट्टीनं टाके मोजायच्या, पण डबा न आणलेल्या पोरीला आपला डबा द्यायच्या. शनिवारी सुई धरायच्या नाहीत, नुसतं तोंडानं सांगायच्या. "आमाला वाटायचं, बाई शनीचं कायतर पाळत्यात. ख्रिश्चन हायसा न्हवं तुमी?" मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. तिनं हो धरलं आणि मी धरू दिलं.

महिनाभरानं एका तरुण सुनेनं मोबाईलवर लढाईचा कुठलातरी व्हिडिओ लावला. पडलेली घरं, धूळ, रडणारी बाई. या बायकांना पडलेलं घर दाखवायला नको होतं. मी बंद कर म्हणेपर्यंत ती म्हणाली, "ह्या ज्यू लोकांना हिटलरनं मारलं ते बरोबरच केलं म्हणायचं." दोघी-तिघी हं म्हणाल्या. आक्कानं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "व्हय की. असल्यांना तसंच पायजे." मग दोरा ओवायला तिनं सुई माझ्याकडे दिली, कारण तिला आता जवळचं दिसत नाही. मी ओवून दिली. आत्या, त्या पडलेल्या घरांचं मलाही वाईट वाटत होतं, अजून वाटतं. पण त्या वेळी मी जे बोलले नाही ते त्यासाठी नव्हे. ही बाई सहा रविवार मुकी होती, आता बोलायला लागली आहे, हिला कसं दुखवू, असं मी स्वतःला सांगितलं. ते निम्मं खरं होतं.

पुढच्या रविवारी आक्कानं पिशवीतून मुलीचा शाळेचा निळा फ्रॉक काढला. तो तिनं आजवर कुणाला दाखवला नव्हता. त्याच्या घेराचं कापड कापून तिनं अक्षरं केली होती. 'आमच्या हिटलर बाई'. वाकळ तुझ्या शाळेत टांगायचं ठरलं होतं, पुरात सगळ्यांनी त्याच हॉलमध्ये दिवस काढले होते म्हणून. "बाईंनी सुई धरायला शिकिवलं," ती म्हणाली, "म्हणून ह्या दिवसात हाताला काम हाय. न्हायतर मी येडी झालो असतो." ती चार तास शिवत होती. बाकीच्यांनी कौतुक केलं. म्हातारीनं पहिल्यांदा कुणाच्या टाक्याला नाव ठेवलं नाही.

कडा आवळायच्या म्हणून वाकळ मी घरी नेली. शनिवार दुपार होती. तू सुईला हात लावला नसतास असा दिवस. मी कात्रीचं टोक पहिल्या अक्षराखाली घातलं. वाटलं, चार अक्षरं काढीन, त्या जागी दुसरं काही शिवून देईन, ऊन-पाण्यानं सुटली म्हणून सांगीन. कापड चिखलात पंधरा दिवस भिजलेलं, कुजकं. दोरा ओढला की कापडच हातात येत होतं. थांबायला हवं होतं, थांबले नाही. शेवटी मांडीवर निळ्या दशा उरल्या. मी त्या गोळा करून पाकिटात घातल्या, फेकवल्या नाहीत.

रविवारी आक्कानं वाकळ पसरली आणि हात फिरवता फिरवता तिथं थांबली. "कुणी उसवलं?"

मी सगळं सांगितलं. आम्ही ख्रिश्चन नाही, ज्यू आहोत. कोकणातले, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. तो माणूस कोण होता, त्यानं काय केलं. विषारी वायूच्या खोल्यांत कोंडलेल्या पोरांचंही सांगितलं. तरुण सून उठून बाहेर गेली. आक्का भोकांवरून बोट फिरवत राहिली.

"मंजी बाईंना आमी तोंडावर हे म्हणत हुतो?"

"हो."

"आनि त्या ओ द्यायच्या."

मी पिशवीतून ते पाकीट काढलं.

"नाव काढलंस ते बरं केलंस गं," ती म्हणाली. "पण फाडलंस ते माझ्या पोरीचं हाय. मला इचारलं असतंस तर मी माझ्या हातानं काढलं असतं." मी पाकीट पुढे केलं. तिनं आत पाहिलं, पाकीट पोलक्यात ठेवलं आणि घरी गेली. त्यानंतर दोन रविवार ती आली नाही. दोन्ही रविवारी पाऊस होता. ती घरी एकटी कशी असेल, हेच माझ्या मनात येत होतं.

तिसऱ्या रविवारी आली. माझ्याशी बोलली नाही, म्हातारीशी बोलली. मी त्या जागी तुझं खरं नाव शिवू का, असं विचारलं. तिनं नाव विचारून घेतलं, दोनदा म्हणून पाहिलं. "एवढी वर्षं आमाला ठावंच न्हाय." मग मान हलवली. "नगं. मोकळंच ऱ्हाऊ दे. काय शिवलं तर झाकून जाईल. पोरी इचारू देत."

परवा पोरींनी विचारलंच. आठवीतली एक मुलगी भोकांत बोट घालून म्हणाली, "हितं काय हुतं?" आक्का माझ्याआधी पुढे झाली. "हितं आमी आमच्या बाईंना एक नाव ठिवलंतं. लई वंगाळ नाव, आमाला ठावं न्हवतं. माझ्या पोरीच्या कापडानं शिवलंतं मी." मग माझ्याकडे बोट केलं. "त्यो मानूस कोन, ते हिला इचारा. त्यानं ज्यांना मारलं, ती त्यांच्यातली हाय." एवढ्या लोकांत कुणी माझ्याबद्दल हे मोठ्यानं म्हटलेलं पहिल्यांदाच ऐकलं. मी त्या तीस-चाळीस मुलींना सांगितलं. नीट सांगता आलं नाही, मधे दोनदा पाणी प्यायले. एकीनं विचारलं, "मग बाई रडायच्या का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. तरुण सून दाराशी उभी होती. ती शेवटपर्यंत थांबली. आक्का अजून माझ्याकडे सुई ओवायला देत नाही. म्हातारीकडे देते, आणि म्हातारीला तर तिच्याहून कमी दिसतं.

एक गोष्ट मी त्या हॉलमध्ये सांगितली नाही, आक्कालाही नाही. गॅदरिंगनंतर, म्हणजे तू मला सगळं सांगितल्यानंतर, पाचवीत असताना मोठ्या मुलींनी मला नळावरून ढकललं. "कुणाची गं तू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हिटलर बाईंची." त्या लगेच बाजूला झाल्या आणि मी पाणी प्यायले. त्यानंतर वर्षभर, जेव्हा जेव्हा भीती वाटली, तेव्हा मी तेच सांगितलं. एकदा तू व्हरांड्यातच होतीस, पाठमोरी, हातात मुलींचे नमुने घेऊन. तू वळली नाहीस. ऐकलंस का, हे तू होतीस तोवर मी विचारलं नाही.