पोरगी बसली तिथे पाणी

आबा, त्याला फिट म्हणतात. डॉक्टरांनी तसं कागदावर लिहून दिलंय, आणि तो कागद मी तुमच्या फोटोमागे खोचून ठेवलाय, कारण तुमच्या तोंडावर फेकायला तुम्ही आता नाही. हातपाय झाडायची फिट नव्हे, लहानशी, मेंदूच्या एका कोपऱ्यातली. माणूस ओळखीचं ओळखतो ती जागा उगाच चाळवते आणि कधी न पाहिलेलं सगळं पाहिल्यासारखं वाटतं, मग चक्कर येते. का होतं ते डॉक्टरांनाही सापडलं नाही, डोक्याच्या फोटोत सगळं साफ आहे. "ठाऊक नाही," असं ते सरळ म्हणाले. हे दोन शब्द तुमच्या तोंडून मी जन्मात ऐकले नाहीत.

तुम्ही पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून लोकांच्या रानातून फिरायचं आणि नारळ उभा राहिला की तिथे बोअर पाडायला सांगायचं. मी आठ वर्षांची असेन, शिरड शहापूरकडच्या एका रानात तुमची भाकरी घेऊन आले. सकाळपासून नारळ काही उभा राहिला नव्हता आणि शेतमालकाच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. मी बांधावरून चालतेय आणि पोटातून काहीतरी वर चढतं. ही बाभळ, ही ढेकळं, तंबाखू मळत उभा असलेला हा माणूस, सगळं असंच्या असं एकदा होऊन गेलंय, आणि मग जमीन फिरते. मी मटकन बसले. तुम्ही मला उठवलंत, परकर झटकलात आणि मालकाला म्हणालात की इथंच घ्या. बोलाफुलाला गाठ पडली, पाणी लागलं. त्या दिवसापासून नारळाला सुट्टी मिळाली आणि माझी शाळा बुडायला लागली.

पुढची चार वर्षं लोक तुम्हाला नव्हे, मला बोलवायचे, आणि ते तुम्ही मोठ्या ऐटीत मिरवलंत. पाणी लागलं की तुमचा हातगुण. नरसीकडच्या एका बोअरमधून नुसता धुरळा उडाला तेव्हा मात्र चारचौघांत माझा दंड धरून तुम्ही म्हणालात, "खोटी बसली व्हतीस तू." मी खोटी बसले नव्हते. मला खरीच चक्कर आली होती आणि खाली खरंच पाणी नव्हतं, या दोन गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात एवढं साधं तुमच्या डोक्यात शिरत नव्हतं. त्या दिवशी आई चुलीपुढे भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली की लेकराला तकलीफ आहे, एकदा दवाखान्यात दाखवा. तुम्ही ताट पुढे ओढलंत आणि म्हणालात, "दवाखान्यात नेलं तर जाईल ना ते." आबा, अडाणी माणसाला मी माफ केलं असतं. पण तुम्हाला ठाऊक होतं की हा आजार आहे आणि तो जाऊ शकतो. त्या वाक्यानंतरही तुम्ही दोन भाकरी खाल्ल्यात, हे मला अजून दिसतं.

तुमचं नाव झालं ते कनेरगाव नाक्याच्या बोअरवर. भर उन्हाळा, माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला, आणि तुम्ही मला तिसऱ्यांदा त्याच रानातून फिरवत होता. तळपाय भाजत होते. एका निंबाच्या सावलीत आले आणि बसले. चक्कर नाही, काही नाही, मी नुसती बसले. तिथे असं पाणी लागलं की लोकांनी तुम्हाला फेटा बांधला. परतताना तुम्ही मला उसाचा रस पाजलात आणि पाय पोळले का, असं विचारलंत. तेवढं एकदाच विचारलंत, म्हणून मी गप्प राहिले, आणि तुम्ही मरेपर्यंत त्या फेट्यात राहिलात.

आता माझ्या पोरीला तेच होतं. दहा वर्षांची आहे. मागच्या महिन्यात तुमचे धाकटे भाऊ आले, त्यांच्या रानात तिला एकदा नुसतं चालू द्या म्हणाले, आपल्या घराण्यात आहे ते. मी म्हटलं, ती आजारी आहे, तिला गोळ्या चालू आहेत. त्यांनी कनेरगावचा दाखला दिला, तो बोअर अजून आटला नाही म्हणाले. तेव्हा मी सांगून टाकलं, "काका, तिथं मी खोटी बसले व्हते. पाय पोळत व्हते म्हणून." काकांनी चहा संपवला, कपबशी खाली ठेवली. "तुला वाटतंय खोटी बसलीस," म्हणाले, "पाण्यानंच बसवलं तुला. पोरीला काहून अडवून राहिलीस?" दगडावर डोकं आपटून कुणाला पाणी लागलंय का कधी. मी त्यांना दार दाखवलं आणि पुन्हा या कामासाठी माझा उंबरा चढू नका म्हणून सांगितलं. माझी पोरगी म्हणजे तुमचा नारळ नाही, असंही मी त्यांना सुनावलं. दिवसभर मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

हे पुढचं मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला सांगतेय ते तुम्ही वाचणार नाही म्हणूनच. हिंगोलीबाहेर आम्ही प्लॉट घेतलाय, बोअरची गाडी पुढच्या आठवड्यात यायची आहे. रविवारी पोरीला घेऊन प्लॉट बघायला गेले होते. ती खेळता खेळता थांबली, "आई, हे आधी झालंय," म्हणाली आणि बसली. डॉक्टरांनी बजावलंय की लगेच तिच्याजवळ जायचं, तिला धरायचं आणि घड्याळ बघायचं.

मी आधी कुंपणापासून तिच्यापर्यंत पावलं मोजली, आबा. मग तिला उचललं.