कमानीचं समीकरण

पांढुर्णा, ३ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाबा,
सविनय जय भीम.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र आईच्या हाती देऊन राहिली. इथं सगळं बरं आहे. शाळेत यंदा दहावीचं गणित माझ्याकडेच आहे.

रामाकोन्याच्या विहाराची लोखंडी पाइपची कमान तुम्ही दोनदा वाकवली अन् दोन्हीदा तिचा एक खांदा उतरला, असं आई सांगत होती. "डोळ्यानंच जुळवून राहिले, कोणाले विचारत नाहीत," म्हणाली. तर न विचारता सांगते.

दोन खांबांत बारा फूट अंतर, खांब आठ फुटांचे, कमानीचा माथा मधोमध अकरा फुटांवर. डाव्या खांबापासूनचं अंतर x अन् जमिनीपासूनची उंची y धरली तर माथा, म्हणजे शिरोबिंदू, (६, ११). कमानीचा आकार पॅराबोला, म्हणजे फेकलेल्या दगडाच्या वाटेसारखा, धरला की तेवढ्यावर अर्धं समीकरण झालं: y = a(x − ६)² + ११. उरला a. त्याला कमानीवरचा आणखी एकच बिंदू पुरतो. डाव्या खांबाचं टोक घ्या: x शून्य, y आठ. ८ = ३६a + ११, म्हणून a = −१/१२.

फुटाचे इंच बारा, म्हणून तुमचं काम सोपं. माथ्यापासून एक फूट सरकलं की एक इंच खाली, दोनवर चार, तीनवर नऊ, चारवर सोळा, पाचवर पंचवीस, खांबावर छत्तीस. दोन्हीकडे तेच. जमिनीवर खडूनं बिंदू मांडा अन् पाइप त्यावर बसवा.

मीच येऊन मांडून दिले असते. पण डॉक्टरांनी बसचा प्रवास बंद केला आहे. आई तुम्हाला सांगून आली तशी गुडघ्याच्या औषधासाठी आली नव्हती, बाबा. मला सातवा लागला आहे.

कुणालशी लग्न केलं याचं मला वाईट वाटत नाही. तुम्ही दिसत नाही, याचं रोज वाटते.

तुमची,
सुचिता

सौसर, १६ नोव्हेंबर

सुचू बेटा,
जय भीम.

काल कमान चढवली. कमिटीचे रवींद्रभाऊ दोरी लावून पाहत राहिले, खोट सापडली नाही. "माप कोणी काढून देलं?" म्हणे. "माह्या पोरीनं," म्हटलं. लई दिवसानं हे तोंडातून निघालं. मग मले तिथं उभं राहवलं नाही, पाणी प्यायच्या बहाण्यानं मागं गेलो.

पहिलं बाळंतपण माहेरी होते, हे मी विसरलो नाही. येत्या रविवारी येतो. डॉक्टरले मीच विचारीन. हो म्हटलं तर गाडी करून हळूहळू आणीन. नाही म्हटलं तर मीच तिथं राहीन, तुम्ही ठेवलं तर.

जावईबापूले माहा जय भीम सांग. अन् त्यायले खायले काय आवडते ते कळव. मले काहीच माहीत नाही.

तुहा,
बाबा